कोर्टातल्या कारकुनाच्या नेमणुकीवरून पडलेलं मंत्रिमंडळ: मेटकाफ, बाल्डविन आणि कॅनडा

पानगळ (धागाकर्ता)

मेटकाफ म्हटलं की आपल्याला १८३५ आठवतं. बेंटिंक गेल्यावर हंगामी गव्हर्नर जनरल असताना त्याने छापखान्यांवरचे निर्बंध काढून टाकले. बाळशास्त्रींचं 'दर्पण' तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं. कंपनीच्या डायरेक्टरांना हा उदारपणा रुचला नाही, मद्रासची गव्हर्नरी त्याला मिळाली नाही, आणि पुढे त्याने कंपनीची नोकरीच सोडली. एकूण काय, आपल्या पाठ्यपुस्तकातला 'चांगला इंग्रज'.

तोच चार्ल्स मेटकाफ मार्च १८४३ मध्ये कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला, आणि तिथल्या इतिहासात त्याची गणना अडवणूक करणाऱ्यांत होते. मी टोरांटोत राहतो, इथले जुने राजकारणी वाचायची खोड आहे. हा माणूस इकडे उदार आणि तिकडे आडमुठा कसा, हे शोधता शोधता गाडी एका जिल्हा कोर्टाच्या कारकुनापाशी येऊन थांबली.

थोडी पार्श्वभूमी. १७९१ च्या कायद्याने अप्पर कॅनडा (इंग्रजी) आणि लोअर कॅनडा (बहुतांश फ्रेंच) असे दोन प्रांत झाले. दोन्हीकडे निवडलेली सभा, आणि तिच्या डोक्यावर गव्हर्नर व त्याने नेमलेली मंडळं. सभेने ठराव करावेत, पैसे अडवावेत, भाषणं ठोकावीत. पण न्यायाधीश कोण, शेरीफ कोण, सरकारी जमीन कुणाच्या घशात, हे गव्हर्नरच्या अवतीभवतीची मोजकी घराणी ठरवणार. टोरांटोकडे या कंपूला फॅमिली कॉम्पॅक्ट म्हणत. १८३७ मध्ये दोन्हीकडे बंड झालं, मोडलं गेलं, काही फासावर गेले, काहींची रवानगी ऑस्ट्रेलियाला. मग लंडनने लॉर्ड डरहॅमला चौकशीला पाठवलं.

डरहॅमचा १८३९ चा अहवाल म्हणजे सगळ्याची सुरुवात असं पुस्तकांत असतं. पण 'गव्हर्नरने सल्ला घ्यायचा तो सभेत बहुमत असलेल्या मंत्र्यांचाच; बहुमत गेलं की मंत्री गेले' हे सूत्र (यालाच 'जबाबदार सरकार' म्हणतात) डॉ. विल्यम बाल्डविन आणि त्यांचा वकील मुलगा रॉबर्ट हे बापलेक आधीपासून मांडत होते, आणि डरहॅमला त्यांनी ते लिहून दिलं होतं. टोरांटोची रुंद स्पडायना अ‍ॅव्हेन्यू आखली ती याच थोरल्या बाल्डविननी. रॉबर्ट म्हणजे कुढा, अबोल, भाषणात कंटाळवाणा गृहस्थ. एकच कल्पना डोक्यात घेऊन फिरणारा माणूस, अशी लोक त्याची टर उडवत. ती टर खरीच होती म्हणा.

डरहॅमची दुसरी शिफारस घातक होती: दोन्ही प्रांत एकत्र करा म्हणजे फ्रेंच हळूहळू इंग्रजांत विरून जातील. १८४१ मध्ये एकत्रीकरण झालं. लोअर कॅनडाची लोकसंख्या जास्त, तरी जागा दोघांना सारख्याच, ४२-४२. अप्पर कॅनडाचं कर्ज दोघांच्या माथी. कागदपत्रांची भाषा फक्त इंग्रजी. फ्रेंच पुढाऱ्यांनी खरं तर बहिष्कारच टाकायचा. पण लुई-इपोलित लाफाँतेन नावाच्या माँट्रियलच्या वकिलाने उलटा हिशोब मांडला. एकत्र सभेत फ्रेंच मतं अधिक बाल्डविनचे सुधारक मिळून बहुमत होतं. आणि मंत्रिमंडळ बहुमताचं असेल तर फ्रेंचांना विरघळवणार कोण?

१८४१ च्या निवडणुकीत तेव्हाचा गव्हर्नर सिडनॅम काय करतो पाहा. लाफाँतेनच्या तेरबॉन मतदारसंघाचं एकमेव मतदान केंद्र तो एका टोकाच्या इंग्रजी वस्तीत ठेवतो. मतदान तोंडी, सगळ्यांसमोर. लाफाँतेनचे शेतकरी मतदार थंडीत चालत तिथे पोचले, तर वाटेवर दंडुके घेतलेली टोळी उभी. माणसं मरतील म्हणून लाफाँतेनने माघार घेतली. आपल्याला हे दृश्य फार परकं वाटायला नको.

तेव्हा बाल्डविन दोन जागांवर निवडून आला होता. त्यातली टोरांटोजवळची यॉर्कची जागा त्याने मोकळी केली आणि तिथल्या इंग्रज, बहुतांशी प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांना सांगितलं, या फ्रेंच कॅथलिकाला निवडून द्या. त्यांनी दिलं! पुढे बाल्डविन हरला तेव्हा लाफाँतेनच्या लोकांनी त्याला रिमूस्कीतून निवडून आणलं. रिमूस्की म्हणजे सेंट लॉरेन्सच्या मुखाकडचा अस्सल फ्रेंच मुलूख, आणि बाल्डविनला फ्रेंच धड बोलता येत नव्हतं. स्वतःच्या मुलांना मात्र त्याने फ्रेंच शिकायला क्वेबेकला धाडलं.

१८४२ मध्ये गव्हर्नर बॅगॉटने नाइलाजाने या जोडीला मंत्रिमंडळात घेतलं. बॅगॉट आजारी पडला आणि आला मेटकाफ. नोव्हेंबर १८४३ मध्ये त्याने डलहौसी जिल्ह्याच्या कोर्टातली कारकुनाची जागा मंत्र्यांना न विचारता भरून टाकली. (हे डलहौसी म्हणजे आपल्या खालसावाल्या डलहौसीचे तीर्थरूप. ते १८२० ते १८२८ तिकडे गव्हर्नर होते.) मंत्र्यांनी विचारलं, यापुढे नेमणुका आमच्या सल्ल्याने होणार की नाही? मेटकाफ म्हणाला, नाही. एक वगळता सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले.

मला मेटकाफ दुटप्पी वाटत नाही. त्याचा युक्तिवाद सरळ होता: मी लंडनला उत्तरदायी आहे, इथल्या मंत्र्यांचा सल्ला माझ्यावर बंधनकारक ठरला तर मी फक्त सहीपुरता उरेन आणि वसाहत स्वतंत्रच होईल. बरोबरच होतं त्याचं! त्याचं बहुतेक आयुष्य हिंदुस्थानात गेलेलं. सुरुवातीला काही काळ शिंद्यांच्या दरबारातल्या रेसिडेंटच्या हाताखाली, मग यशवंतराव होळकरांवरच्या मोहिमेत जनरल लेकच्या फौजेबरोबर, नंतर दिल्ली, हैदराबाद. तिथे दरबार असत, वकील असत, पण बहुमत नावाची वस्तू नव्हती. छापखान्याला मोकळीक दिली तरी कलेक्टर कोण हे कंपनीच ठरवत होती. वर्तमानपत्राने टीका करावी, सरकारने ऐकून घ्यावं, सत्ता जागच्या जागी. बाल्डविन मागत होता ती सत्ताच, आणि ती नेमणुकांच्या वहीत होती.

१८४४ ची निवडणूक मेटकाफच्या बाजूच्यांनी थोडक्यात जिंकली. त्याने स्वतः उघड बाजू घेतली होती. पण गालाच्या कॅन्सरने तो पोखरला होता. १८४५ च्या अखेरीस तो परत गेला आणि वर्षभरात वारला.

तोवर लंडनचं गणित बदललं. १८४६ मध्ये धान्य कायदे (बाहेरच्या धान्यावर जकात लावणारे, पण वसाहतींच्या धान्याला सवलत देणारे) रद्द झाले, खुल्या व्यापाराचं वारं आलं. वसाहतीला बाजारात सवलत द्यायची नसेल तर तिच्या कोर्टातले कारकून नेमण्यात शक्ती कशाला घालवा? नवे वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांनी गव्हर्नरांना कळवलं की बहुमताचं ऐका. पहिला नंबर नोव्हा स्कोशिया या शेजारच्या वेगळ्या वसाहतीचा, फेब्रुवारी १८४८. कॅनडात ५४ विरुद्ध २० मतांनी जुनं मंत्रिमंडळ पडलं आणि ११ मार्चला लाफाँतेन-बाल्डविन आले. गव्हर्नर होता लॉर्ड एल्गिन, डरहॅमचा जावई.

खरी परीक्षा १८४९ ची. बंडाच्या धामधुमीत लोअर कॅनडात ज्यांच्या मालमत्तेची नासधूस झाली त्यांना भरपाई द्यायचं विधेयक आलं. इंग्रज टोरी (सुधारकांचे विरोधक, जुन्या व्यवस्थेचे पाठीराखे) भडकले: बंडखोरांना बक्षीस? २५ एप्रिलला एल्गिनने माँट्रियलच्या पार्लमेंटमध्ये येऊन संमती दिली. स्वतःचं मत काही असो, बहुमताचं विधेयक होतं. बाहेर त्याच्या गाडीवर सडकी अंडी पडली. रात्री जमाव सभागृहात घुसला, एक पठ्ठ्या सभापतीच्या खुर्चीत बसून 'हे सभागृह मी विसर्जित करतो' म्हणाला, आणि इमारत पेटली. वीस हजारांवर पुस्तकांचं ग्रंथालय गेलं, राणीचं चित्र तेवढं बाहेर काढलं. हे सगळं स्वतःला राजनिष्ठ म्हणवणाऱ्यांनी केलं, राणीच्या प्रतिनिधीविरुद्ध! एल्गिनने लष्कर सोडलं नाही आणि विधेयकही मागे घेतलं नाही. लंडनने पाठराखण केली. मेटकाफ ज्याला घाबरत होता तो 'सहीपुरता गव्हर्नर' त्या दिवशी प्रत्यक्षात उभा राहिला.

---

खडीसाखर

वाचनखूण साठवली. कॅनडाचा इतिहास म्हणजे बर्फ आणि बीव्हर एवढंच माहीत होतं. बाल्डविनबद्दल अजून लिहा ना, कुढा होता म्हणजे काय?

पानगळ

@खडीसाखर, बायको एलायझा ही त्याची मामे-चुलत कुठल्याशा नात्यातली बहीणच होती. बाळंतपणात पोटावर शस्त्रक्रिया झाली, त्यातून ती सावरली नाही आणि १८३६ च्या जानेवारीत गेली. नंतर हा जन्मभर तिची पत्रं जवळ बाळगून. मरताना चिठ्ठी ठेवली: माझ्या पोटावर तिच्यासारखाच छेद द्या, आणि दोघांच्या शवपेट्या साखळीने जोडा. १८५८ मध्ये गेला तेव्हा छेद द्यायचा राहिला, तर महिन्याभराने मुलाने पेटी उघडून डॉक्टरकडून तो देववला. असा माणूस मंत्रिमंडळाच्या बैठकीत नेमणुकांच्या नियमांवर तासन्तास बोलत असे.

खडीसाखर

बाप रे.

सातारी_कंदी

१८४८ हे साल वाचून थबकलो. मार्चमध्ये कॅनडात बहुमताचं मंत्रिमंडळ. एप्रिलमध्ये आमच्या साताऱ्यात आप्पासाहेब महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा. खालसा करणारा डलहौसी, ज्याच्या बापाच्या नावाच्या जिल्ह्यात तुमचा तो कारकून. साम्राज्य एकच, पंतप्रधान एकच (लॉर्ड जॉन रसेल), महिना फक्त उलटलेला. 'ब्रिटिशांची उदार परंपरा' वगैरे लिहिणाऱ्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत.

विदाउट_तिकीट

लेख आवडला, पण धागाकर्त्याने बंडवाल्यांना एका ओळीत गुंडाळलंय. १८३७ नसतं तर डरहॅम आला असता का? सभेने पैसे अडवले तर रसेलसाहेबांनी १८३७ मध्ये काय केलं? सभेला न विचारता तिजोरीतून खर्च करायची परवानगी गव्हर्नरला दिली. वकिली अर्जांचं हे झालं. मग लोकांनी बंदुका काढल्या. मवाळ नेहमी जहालांनी नांगरलेल्या शेतात पेरतात आणि पीक आपलं म्हणतात.

पानगळ

@विदाउट_तिकीट, डरहॅम बंडामुळे आला हे मान्यच. पण तो आला आणि त्यातून निघालं काय? फ्रेंचांना बुडवणारं एकत्रीकरण! मंत्रिमंडळाची बाब लंडनने साफ नाकारली होती. ती मिळायला पुढची ९ वर्षं लागली, आणि त्या ९ वर्षांत बंदूक नव्हती. नोव्हा स्कोशियात तर बंडच झालं नाही. तिथे जोसेफ हाऊ नावाचा संपादक. १८३५ मध्ये हॅलिफॅक्सच्या मॅजिस्ट्रेटांच्या खाबूगिरीवर छापलं म्हणून खटला झाला, वकील मिळेना, गडी स्वतःच सहा तासांवर बोलला, आणि ज्युरीने दहा मिनिटांत सोडून दिला. साम्राज्यातलं पहिलं जबाबदार मंत्रिमंडळ त्याच्या पक्षाचं. (मुख्य पद मात्र त्याचा सहकारी युनिएक याला, कारण हाऊची जीभ फार तिखट.)

बंडवाल्यांची आणखी एक गंमत. टोरांटोच्या बंडाचा नेता मॅकेन्झी अमेरिकेत पळाला होता. १८४९ मध्ये बाल्डविनच्याच सरकारने माफी दिली, म्हणून परतला, १८५१ मध्ये सभेवर निवडून आला, आणि बाल्डविनने नुकत्याच सुधारलेल्या चान्सरी कोर्टाविरुद्ध (मालमत्ता, विश्वस्त निधी अशा दाव्यांचं कोर्ट) ठराव आणला. ठराव पडला, पण अप्पर कॅनडाचे बहुसंख्य सभासद त्याच्या बाजूने गेले. आपल्या प्रांताचा विश्वास गेला म्हणून बाल्डविनने राजीनामा दिला. स्वतःचा नियम स्वतःला लावून.

विदाउट_तिकीट

म्हणजे शेवटी जहालांनीच घालवला. चला, मला चालतंय.

निरंजनी

बहुमत बहुमत चाललंय सगळं, तर थोडं मीठ टाकते. लोअर कॅनडात १७९१ च्या कायद्यात मालमत्तेची अट होती, बाई-पुरुष असं काही नव्हतं. त्यामुळे मालमत्ता असलेल्या कित्येक बायका, विशेषतः विधवा, मत देत. ही वाट कायद्याने स्पष्टपणे बंद केली ती १८४९ मध्ये. कुणी? लाफाँतेन-बाल्डविन यांनी! त्याआधी १८३४ मध्ये बंडवाल्यांच्या लाडक्या पापिनोंनी (लोअर कॅनडाचे फ्रेंच पुढारी) तोच उद्योग केला होता, तो कायदा टिकला नाही. म्हणजे जहाल-मवाळ दोघांचं इथे तरी एकमत.

आणि मूळ रहिवासी? १८६० पर्यंत त्यांचा कारभार लंडनच्या अखत्यारीत होता. मग तो कॅनडाच्या या बहुमतवाल्या सरकारकडे गेला. ज्यांच्या जमिनी हव्या होत्या तेच आता पालक.

पानगळ

@निरंजनीताई, दोन्ही मुद्दे बिनतोड. ओटावाला पार्लमेंटच्या आवारात बाल्डविन-लाफाँतेनचा जोडपुतळा आहे, त्याखाली यातलं काही नाही.

जुना_बाजार

अवांतर, पण राहवत नाही. ज्या एल्गिनचं पार्लमेंट जाळलं, त्याच एल्गिनच्या हुकमावरून १८६० मध्ये पेकिंगचा उन्हाळी राजवाडा जाळला. मग १८६२ मध्ये तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. पुढच्या वर्षी धरमशाळेत वारला, मॅक्लोडगंजच्या चर्चच्या आवारात पुरलाय. देवदारांत भलं मोठं स्मारक आहे, लोक त्याच्यापुढे सेल्फी काढतात, कोण आहे हे कुणाला माहीत नसतं.

त्याचा मुलगा, तोही लॉर्ड एल्गिन, १६ मे १८४९ ला माँट्रियलजवळ जन्मला. पार्लमेंट जळून बरोबर तीन आठवडे झाले होते. हा १८९४ ते १८९९ व्हाइसरॉय. म्हणजे पुण्यातला प्लेग, रँडचा खून आणि लोकमान्यांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला, सगळं याच्या कारकिर्दीत.

खडीसाखर

काय सांगता! म्हणजे 'सरकारचे डोकें ठिकाणावर आहे काय?' विचारलं तेव्हा वरचं डोकं हे होतं तर.

गारंबीचा_पाहुणा

जुना_बाजार यांनी दार उघडलंच आहे तर पुढची खोली दाखवतो. हाच धाकटा एल्गिन १९०५ च्या अखेरीस वसाहतमंत्री झाला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतलं ट्रान्सवाल लंडनच्या थेट अमलाखाली होतं. १९०६ मध्ये तिथे हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी सक्तीची करणारा वटहुकूम निघाला. गांधीजी शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले, नोव्हेंबरमध्ये एल्गिनला भेटले. एल्गिनने वटहुकमाला मंजुरी दिली नाही. आनंदीआनंद.

पण ट्रान्सवालला जबाबदार सरकार द्यायचं आधीच ठरलं होतं. १९०७ च्या सुरुवातीला निवडणूक झाली, मतदार गोरेच, बोअर पुढारी बोथाचं सरकार आलं. नव्या सभेने मार्चमध्ये तोच कायदा जवळजवळ जसाच्या तसा झटपट मंजूर केला. आता एल्गिनने संमती दिली. का? बहुमताच्या सरकारचं विधेयक! बापाने १८४९ मध्ये माँट्रियलला ज्या तत्त्वासाठी अंडी खाल्ली, त्याच तत्त्वाने मुलाने १९०७ मध्ये हात झटकले. गांधीजींनी या व्यवहाराला वाकडं धोरण म्हटलं, आणि त्यातून सत्याग्रह उभा राहिला.

पानगळ

@गारंबीचा_पाहुणा, हे वाचून माझ्या लेखाची चौकटच हलली. ट्रान्सवालला बाल्डविनची कसोटी लावली तर ते सरकार अव्वल उतरतं. कोर्टातला कारकून बोथाने नेमला, गव्हर्नरने नव्हे. सभेत कोण बसू शकतं याबद्दल ती कसोटी चकार शब्द काढत नाही. निरंजनीताईंचा मुद्दाही इथेच येऊन मिळतो.

सातारी_कंदी

मग आपल्याकडे हे कधी आलं म्हणायचं? २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूंनी 'क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती' जाहीर केली. पण १९१९ च्या कायद्यात प्रांतांचे पोलीस, महसूल, अर्थखातं राखीव, आणि शिक्षण, आरोग्य मंत्र्यांकडे. मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाने मंत्र्यांच्या पगाराची तरतूदच कापून तो द्विदल कारभार बंद पाडला होता. ही मात्र थेट जुन्या वसाहतींची युक्ती. आणि औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपणहून सत्ता प्रजेच्या सभेला दिली, तेही विसरू नका.

विदाउट_तिकीट

१९३७ घ्या ना. मुंबई इलाख्यात आधी कूपर यांचं बहुमत नसलेलं मंत्रिमंडळ बसवलं, मग जुलैमध्ये बाळासाहेब खेर आले. काँग्रेस मधले काही महिने अडून होती ती गव्हर्नरच्या खास अधिकारांवरूनच.

पानगळ

आणि खेरांना कारकुनाची कसोटी लावून पाहा. आयसीएस अधिकाऱ्यांची भरती भारतमंत्र्याच्या हाती, आणि त्यांच्या हक्कांचं रक्षण ही गव्हर्नरची खास जबाबदारी म्हणून १९३५ च्या कायद्यातच लिहिलेली. मंत्री खादी घालून सचिवालयात येत, फायलीवर सही करत, पण समोरचा कलेक्टर लंडनने दिलेला. शेवटी राजीनामे झाले ते १९३९ मध्ये, कुणाला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढल्यावर. मेटकाफच्या १८४३ च्या कॅनडाला निदान युद्ध नव्हतं.

विदाउट_तिकीट

तरी कूळकायदा, प्राथमिक शिक्षण, दारूबंदी यांवर त्या २७-२८ महिन्यांत बरंच काम झालं. अर्धी सत्ता हातात घेऊन काम करावं की पूर्ण मिळेस्तोवर बाहेर बसावं, यावर केळकर-जयकर विरुद्ध मोतीलाल हा वाद वेगळ्या धाग्यात घालूया. इथे भांडलो तर कॅनडा राहील बाजूला.

निरंजनी

काढा धागा. पण मोतीलालांच्या बाजूने मी आहे, आधीच सांगते.